ब्लेड रनर २०४९ : प्रेक्षक-प्रतिसाद आणि मतभेद

'ब्लेड रनर २०४९' हा २०१७ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील अमेरिकन विज्ञानपट असून तो १९८२ सालच्या 'ब्लेड रनर' या चित्रपटाचा उत्तरभाग आहे. देनी व्हिलनव यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात रायन गॉसलिंग आणि हॅरिसन फोर्ड यांच्या प्रमुख भूमिका आहेत. पहिला भाग आणि उत्तरभाग यांच्यात पस्तीस वर्षांचे अंतर होते. या काळात पहिल्या भागाभोवती निष्ठावंत चाहत्यांचा मोठा वर्ग तयार झाला होता आणि त्यामुळे उत्तरभागाविषयी कमालीची उत्सुकता होती.

प्रदर्शनानंतर मात्र चित्रपटाला परस्परविरोधी प्रतिसाद मिळाला. बहुसंख्य समीक्षकांनी त्याची प्रशंसा केली आणि पहिल्या दिवशी तो पाहणाऱ्या प्रेक्षकांनीही त्याला उच्च श्रेणी दिली, तरीही तिकीटबारीवर तो निर्मात्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच मागे पडला. चित्रपट पाहिलेल्यांमध्येही त्याची लांबी, संथ गती, स्त्री-व्यक्तिरेखांचे चित्रण आणि मूळ चित्रपटाशी असलेले नाते या मुद्द्यांवर मतभेद राहिले. समीक्षकांची पसंती, प्रत्यक्ष प्रेक्षकांचे समाधान आणि व्यावसायिक यश या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवणारे उदाहरण म्हणून या चित्रपटाचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी

मूळ चित्रपट

'ब्लेड रनर' हा रिडले स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. फिलिप के. डिक यांच्या १९६८ साली प्रकाशित झालेल्या 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' या कादंबरीवर तो आधारित होता. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच, मार्च १९८२ मध्ये, डिक यांचे निधन झाले. हॅम्प्टन फॅन्चर आणि डेव्हिड पीपल्स यांनी पटकथा लिहिली होती, तर संगीत व्हँगेलिस यांचे होते.

कथा २०१९ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये घडते. माणसाने कष्टाच्या व धोकादायक कामांसाठी निर्माण केलेल्या, दिसायला हुबेहूब माणसासारख्या कृत्रिम जीवांना चित्रपटात 'रेप्लिकंट' म्हटले आहे. पृथ्वीवर पळून आलेल्या रेप्लिकंटांना शोधून ठार करणाऱ्या पोलिसांना 'ब्लेड रनर' असे नाव आहे. रिक डेकार्ड (हॅरिसन फोर्ड) हा असाच एक ब्लेड रनर असून रेचेल (शॉन यंग) या रेप्लिकंट स्त्रीच्या प्रेमात पडतो.

या चित्रपटालाही सुरुवातीला संमिश्र प्रतिसादच मिळाला होता. दोनच आठवडे आधी प्रदर्शित झालेल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'ई.टी.' या चित्रपटाने प्रेक्षकांना खेचून घेतले होते. 'ब्लेड रनर'च्या दृश्यरचनेचे कौतुक झाले, परंतु कथा थंड आणि संथ असल्याची तक्रार अनेक समीक्षकांनी केली. समीक्षक रॉजर ईबर्ट यांचेही प्रारंभीचे मत राखीव होते; पुढे २००७ मध्ये त्यांनी आपल्या 'महान चित्रपट' या लेखमालेत या चित्रपटाचा समावेश केला. अमेरिकेतील पहिल्या प्रदर्शनातून चित्रपटाचा खर्चही पूर्णपणे भरून निघाला नाही.

प्रेक्षकांना कथा समजणार नाही या शंकेने निर्मात्यांनी मूळ आवृत्तीत डेकार्डच्या आवाजातील निवेदन आणि सुखान्त शेवट जोडला होता. त्या शेवटासाठी स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'द शायनिंग' या चित्रपटाचे न वापरलेले चित्रीकरण घेण्यात आले होते. १९९२ साली निवेदन व सुखान्त काढून टाकलेली 'दिग्दर्शकाची आवृत्ती' आणि २००७ साली स्कॉट यांच्या पूर्ण नियंत्रणाखाली तयार झालेली 'अंतिम आवृत्ती' प्रदर्शित झाली. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी 'ब्लेड रनर'ची निवड झाली. घरगुती चित्रफितींमुळे चित्रपट नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचला आणि भविष्यातील महानगराचे चित्रण कसे असावे याचा तो जणू नमुनाच बनला.

उत्तरभागाची प्रतीक्षा

२०११ साली अल्कॉन एन्टरटेनमेंट या निर्मितीसंस्थेने उत्तरभागाचे हक्क मिळवले. आरंभी रिडले स्कॉट स्वतः दिग्दर्शन करतील अशी अपेक्षा होती. तथापि नंतर ते कार्यकारी निर्माता म्हणून राहिले आणि २०१५ साली कॅनडाचे दिग्दर्शक देनी व्हिलनव यांचे नाव पुढे आले. 'प्रिझनर्स' (२०१३), 'सिकारिओ' (२०१५) आणि 'अरायव्हल' (२०१६) या चित्रपटांमुळे व्हिलनव यांची ख्याती झाली होती.

चाहत्यांच्या मनात उत्सुकतेबरोबरच भीतीही होती. मूळ चित्रपटाचे मोल त्याच्या संदिग्धतेत होते. डेकार्ड स्वतः माणूस आहे की रेप्लिकंट, हा प्रश्न चाहते अनेक वर्षे चर्चेत ठेवत आले होते. तो रेप्लिकंट आहे असे स्कॉट यांचे मत होते, तर फोर्ड यांनी त्याला माणूस मानूनच भूमिका केली होती. उत्तरभागाने या प्रश्नाचे उत्तर दिले असते तर अर्धे चाहते नाराज होणे अटळ होते आणि उत्तर टाळले असते तर उत्तरभाग कशासाठी, असा आक्षेप आला असता.

निर्मिती

चित्रपटाची कथा हॅम्प्टन फॅन्चर यांची असून पटकथा फॅन्चर आणि मायकेल ग्रीन यांनी लिहिली. मुख्य चित्रीकरण जुलै ते नोव्हेंबर २०१६ या काळात प्रामुख्याने हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाले. छायालेखन रॉजर डीकिन्स, संकलन जो वॉकर आणि कलादिग्दर्शन डेनिस गॅस्नर यांनी केले. संगणकीय दृश्यांवर पूर्णपणे अवलंबून न राहता मोठे नेपथ्य प्रत्यक्ष उभारण्यावर आणि लघुप्रतिकृती वापरण्यावर भर देण्यात आला.

संगीतासाठी प्रथम व्हिलनव यांचे नेहमीचे सहकारी योहान योहानसन यांची निवड झाली होती. पुढे त्यांच्याऐवजी हान्स झिमर आणि बेंजामिन वॉलफिश यांनी संगीत दिले. व्हँगेलिस यांच्या मूळ ध्वनिविश्वाशी जवळीक राखणे हा या बदलामागचा हेतू होता.

चित्रपटाचा निर्मितीखर्च १५ कोटी ते १८.५ कोटी डॉलर इतका असल्याचे सांगितले जाते. प्रौढ प्रेक्षकांसाठीचे प्रमाणपत्र मिळालेल्या आणि १६३ मिनिटे लांबीच्या चित्रपटासाठी ही रक्कम असाधारण मोठी होती.

कथानक

कथा २०४९ सालात घडते. पर्यावरणाचा ऱ्हास झालेल्या जगात नायँडर वॉलेस (जॅरेड लेटो) या उद्योगपतीच्या कंपनीने कृत्रिम शेतीच्या बळावर प्रचंड सत्ता मिळवली असून ती आज्ञाधारक रेप्लिकंटांची नवी पिढी तयार करते. 'के' (रायन गॉसलिंग) हा त्याच पिढीतील रेप्लिकंट लॉस एंजेलिस पोलीस दलात ब्लेड रनर म्हणून काम करतो आणि आपल्याच जातीच्या जुन्या जीवांना संपवतो. घरी त्याची सोबत करते ती जॉय (आना दे आर्मास) ही वॉलेस कंपनीने विकलेली, देह नसलेली होलोग्रामरूपी स्त्री.

सॅपर मॉर्टन (डेव्ह बटिस्टा) या रेप्लिकंटाला ठार केल्यानंतर 'के'ला एका वाळलेल्या झाडाखाली पुरलेली पेटी सापडते. तिच्यातील अवशेष बाळंतपणात मरण पावलेल्या रेप्लिकंट स्त्रीचे, म्हणजेच रेचेलचे असल्याचे निष्पन्न होते. रेप्लिकंट मूल जन्माला घालू शकतात ही बातमी माणूस आणि रेप्लिकंट यांच्यातील भिंत पाडणारी ठरेल, म्हणून 'के'ची वरिष्ठ अधिकारी जोशी (रॉबिन राइट) पुरावा नष्ट करण्याचा हुकूम देते. दुसरीकडे वॉलेसला हे रहस्य हवे असते आणि तो आपली सहायक लव (सिल्व्हिया हुक्स) हिला मागावर पाठवतो.

झाडावर कोरलेली तारीख आणि लहानपणी लपवलेल्या लाकडी घोड्याची आठवण जुळल्यामुळे आपणच ते मूल आहोत असे 'के'ला वाटू लागते. शोध घेत तो ओसाड लास व्हेगासमध्ये राहणाऱ्या डेकार्डपर्यंत पोहोचतो. पुढे रेप्लिकंटांच्या गुप्त संघटनेकडून त्याला कळते की जन्मलेले मूल मुलगी होते आणि ती आठवण त्याची नव्हतीच. स्मृतिरचनाकार डॉ. आना स्टेलीन (कार्ला युरी) हीच डेकार्डची मुलगी असल्याचे त्याच्या लक्षात येते. डेकार्डला ठार मारण्याची संघटनेची सूचना बाजूला ठेवून तो त्याला वॉलेसच्या तावडीतून सोडवतो, मुलीच्या दारापर्यंत नेतो आणि स्वतः जखमी अवस्थेत बाहेरच्या पायऱ्यांवर बर्फात आडवा होतो.

प्रसिद्धी आणि प्रदर्शन

चित्रपटाच्या प्रसिद्धीत कमालीची गुप्तता पाळण्यात आली. समीक्षकांसाठीच्या खेळांपूर्वी कथेतील काही गोष्टी उघड न करण्याची विनंती दिग्दर्शकाच्या वतीने केली जात असे. नायक स्वतः रेप्लिकंट आहे ही गोष्ट चित्रपटात पहिल्या काही मिनिटांतच कळते. जाहिरातींत मात्र ती ठळकपणे सांगितली गेली नाही. परिणामी कथेचा गाभाच जाहिरातीबाहेर राहिला आणि भव्य दृश्ये, पाठलाग व फोर्ड यांचे पुनरागमन एवढेच सर्वसाधारण प्रेक्षकांसमोर आले. दोन चित्रपटांमधील तीस वर्षांचा काळ भरून काढण्यासाठी तीन लघुपट प्रसृत करण्यात आले. त्यांपैकी दोन ल्यूक स्कॉट यांनी, तर २०२२ साली घडणारा तिसरा, चलचित्र स्वरूपातील लघुपट जपानी दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांनी दिग्दर्शित केला.

चित्रपटाचा पहिला खेळ ३ ऑक्टोबर २०१७ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला आणि ६ ऑक्टोबर रोजी तो अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झाला. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने, तर बहुतेक अन्य देशांत सोनीने वितरण केले.

तिकीटबारीवरील कामगिरी

अमेरिका व कॅनडामध्ये पहिल्या तीन दिवसांत चित्रपट साडेचार कोटी डॉलरहून अधिक कमाई करील असा व्यापारवर्तुळाचा अंदाज होता. प्रत्यक्षात ही कमाई ३.२७ कोटी डॉलरच्या आसपास झाली. तिकीटविक्रीत चित्रपट त्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर होता, पण दुसऱ्या आठवड्यात उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. अमेरिका व कॅनडातील एकूण उत्पन्न सुमारे ९.२ कोटी डॉलर झाले आणि जगभरातील उत्पन्न २५ कोटी डॉलरच्या पुढे गेले. चीनमध्येही प्रतिसाद अल्प राहिला.

ही रक्कम निर्मितीखर्चापेक्षा जास्त असूनही चित्रपट तोट्यात गेला असे मानले जाते. तिकिटांच्या उत्पन्नातील सुमारे निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे जातो आणि जगभरातील जाहिरात व वितरणाचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. त्यामुळे एवढ्या मोठ्या चित्रपटाला केवळ खर्च भरून काढण्यासाठी निर्मितीखर्चाच्या दुपटीहून अधिक उत्पन्न मिळवावे लागते. व्यापारविषयक नियतकालिकांनी निर्मितीसंस्थेचा तोटा आठ कोटी डॉलरपर्यंत असू शकतो असा अंदाज व्यक्त केला होता.

पहिल्या आठवड्यातील प्रेक्षकांमध्ये पुरुषांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्के होते आणि पंचवीस वर्षांवरील प्रेक्षक मोठ्या बहुसंख्येने होते. यावरून चित्रपट मूळ चाहत्यांपर्यंत पोहोचला, पण तरुण प्रेक्षक आणि स्त्रिया यांच्यापर्यंत पुरेसा पोहोचला नाही, असा निष्कर्ष काढला गेला. मूळ चित्रपटाची कीर्ती मोठी असली तरी तो पाहिलेल्यांची संख्या मर्यादित होती. चित्रपटाभ्यासक, चित्रकार, वास्तुरचनाकार आणि विज्ञानकथालेखक यांच्या वर्तुळात तो अभिजात मानला जात होता. सर्वसाधारण कुटुंबाच्या आठवणीत 'स्टार वॉर्स'सारखे स्थान त्याला कधीच नव्हते.

समीक्षक व प्रेक्षकांचे मूल्यांकन

समीक्षा एकत्र करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर चित्रपटाला सुमारे ८८ टक्के अनुकूल समीक्षा मिळाल्या, तर 'मेटाक्रिटिक'वर त्याला शंभरपैकी ८१ गुण मिळाले. या दोन आकड्यांचा अर्थ एकच नाही. पहिला आकडा किती समीक्षकांना चित्रपट आवडला हे सांगतो; तो किती आवडला हे त्यातून कळत नाही. दुसरा आकडा समीक्षकांनी दिलेल्या गुणांची भारित सरासरी असतो.

अमेरिकेत प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी चित्रपटगृहांत प्रेक्षकांची मते घेणाऱ्या 'सिनेमास्कोअर' या संस्थेच्या पाहणीत चित्रपटाला 'ए-उणे' ही श्रेणी मिळाली. विज्ञानपटासाठी ही चांगली श्रेणी मानली जाते. मात्र अशी पाहणी पहिल्याच दिवशी तिकीट काढून आलेल्यांची, म्हणजे मुळातच उत्सुक असलेल्यांची असते. जे आलेच नाहीत त्यांचे मत तिच्यात उमटत नाही. त्यामुळे उच्च श्रेणी आणि कमी उत्पन्न यांत वरवर दिसणारा विरोध प्रत्यक्षात विरोध ठरत नाही. आलेल्यांना चित्रपट बहुतांशी आवडला. येणारे मात्र कमी होते.

मतभेदाचे प्रमुख मुद्दे

लांबी आणि गती

सर्वाधिक चर्चा झाली ती लांबीची. मूळ चित्रपट ११७ मिनिटांचा होता, तर उत्तरभाग पावणेतीन तासांच्या जवळ जातो. एकेक दृश्य दीर्घकाळ स्थिर राहते, संवाद तुरळक आहेत आणि हाणामारीचे प्रसंग थोडे आहेत. टीकाकारांच्या मते कथेत इतक्या लांबीला पुरेल एवढी सामग्री नाही आणि दृश्यांचे सौंदर्य कथेची जागा घेते. समर्थकांच्या मते संथपणा हा या चित्रपटाचा आशयच आहे. नायकाचे एकटेपण आणि निर्जन झालेले जग प्रेक्षकाला जाणवण्यासाठी तेवढा अवकाश आवश्यक आहे. मूळ चित्रपटावर १९८२ साली घेतला गेलेला आक्षेपही जवळपास हाच होता.

मूळ चित्रपटाशी नाते

काही चाहत्यांना उत्तरभागाची गरजच मान्य नव्हती. मूळ कथेचा शेवट डेकार्ड आणि रेचेल निघून जाण्याच्या क्षणी होतो आणि पुढे काय झाले हे अज्ञात राहण्यातच त्या शेवटाची ताकद होती, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ चित्रपटातील पावसाळी, गजबजलेले, निऑन दिव्यांनी उजळलेले शहर उत्तरभागात बऱ्याच अंशी रिकामे, स्वच्छ रेषांचे आणि थंड झाले, याचीही काहींना खंत वाटली. लास व्हेगासचे नारिंगी धुक्यात बुडालेले दृश्य मात्र समर्थक व टीकाकार दोघांनीही वाखाणले.

डेकार्ड माणूस की रेप्लिकंट, या प्रश्नाचे उत्तर चित्रपट देत नाही. रेचेलच्या प्रेमात पडण्यासाठीच त्याची योजना झाली असावी, असे वॉलेस सुचवतो. पण त्याला दुजोरा मिळत नाही. ही संदिग्धता जपल्याबद्दल जुन्या चाहत्यांनी समाधान व्यक्त केले. रेचेलचे तरुण रूप पुन्हा पडद्यावर आणणाऱ्या प्रसंगाबाबत मते विभागली गेली. अभिनेत्री लॉरेन पेटा हिच्या अभिनयावर शॉन यंग यांचा संगणकनिर्मित चेहरा बसवून हा प्रसंग साकारण्यात आला होता. काहींना तो स्मरणरंजनाचा मोह वाटला, तर काहींच्या मते वॉलेसने पुढे केलेली ती प्रतिकृती डेकार्ड नाकारतो यातच स्मरणरंजनावरील टीका आहे.

नायकाचे सामान्यत्व

आपणच ते अद्भुत मूल आहोत असे नायकाला, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकालाही, बराच काळ वाटत राहते. नंतर तो कोणीही विशेष नसल्याचे उघड होते. नियतीने निवडलेल्या नायकाची कथा लोकप्रिय चित्रपटांत रूढ असल्याने हे वळण अनेकांना अपेक्षाभंगाचे वाटले. इतरांच्या मते हाच चित्रपटाचा सर्वांत अर्थपूर्ण निर्णय होता. जन्म, आठवणी आणि प्रेम या तिन्ही गोष्टी उसन्या निघाल्यावरही 'के' स्वतःच्या इच्छेने दुसऱ्यासाठी प्राण पणाला लावतो. माणूसपण जन्मातून येते की कृतीतून, या मूळ चित्रपटातील प्रश्नाला उत्तरभाग येथे पुढे नेतो.

स्त्री-व्यक्तिरेखांचे चित्रण

प्रदर्शनानंतर लगेचच स्त्री-व्यक्तिरेखांच्या चित्रणावर तीव्र टीका झाली. जॉय ही मालकाला खूश ठेवण्यासाठी बनवलेली वस्तू आहे, तिचे प्रचंड विवस्त्र जाहिरातरूप पडद्यावर येते, कथेतील बहुतेक महत्त्वाच्या स्त्रिया पुरुषाच्या शोधयात्रेत मरण पावतात आणि रेप्लिकंटांच्या मुक्तीचे प्रतीक म्हणून प्रसूतीचीच निवड होते, असे आक्षेप घेण्यात आले. वॉलेस एका नवजात रेप्लिकंट स्त्रीची हत्या करतो तो प्रसंग अनेकांना अनावश्यक क्रूर वाटला.

बचावात असे म्हटले गेले की चित्रपट या शोषणाचे समर्थन करत नाही, तर ते दाखवतो. जॉय नष्ट झाल्यानंतर तिचे भव्य जाहिरातरूप 'के'ला त्याच लाडक्या नावाने हाक मारते, ज्या नावाने त्याची जॉय त्याला हाक मारीत असे. आपल्याला लाभलेले प्रेम हे कदाचित उत्पादनाचे वैशिष्ट्य होते, याची जाणीव त्याला त्या क्षणी होते. मात्र एखादी गोष्ट टीकेसाठी दाखवणे आणि तिचेच आकर्षण पडद्यावर मांडणे यांतील सीमारेषा चित्रपट पाळतो का, यावर एकमत झाले नाही.

आशियाई संस्कृतीचा वापर

पहिल्या चित्रपटाप्रमाणेच उत्तरभागातही भविष्यातील लॉस एंजेलिस जपानी व चिनी लिपीतील फलक, पेहराव आणि खाद्यसंस्कृतीने भरलेले आहे. शहराचे रूप आशियाई असूनही कथेत महत्त्वाच्या आशियाई व्यक्तिरेखा नाहीत, याकडे काही समीक्षकांनी लक्ष वेधले. गुलामगिरी आणि वर्णभेद यांची आठवण करून देणारी रेप्लिकंटांची कथा प्रामुख्याने गोऱ्या पात्रांमार्फत सांगितली गेली, हाही याच टीकेचा भाग होता.

अपूर्ण धागे

रेप्लिकंटांच्या उठावाची तयारी सूचित होते, पण उठाव घडत नाही. वॉलेस शेवटपर्यंत जिवंत राहतो आणि त्याचे पुढे काय होते हे सांगितले जात नाही. काही प्रेक्षकांना हे पुढच्या भागासाठी राखून ठेवलेले धागे वाटले. इतरांच्या मते कथा 'के'ची असल्याने ती त्याच्यापाशीच संपणे योग्य आहे.

निर्मात्यांची भूमिका

रिडले स्कॉट यांनी प्रदर्शनानंतर काही आठवड्यांतच चित्रपट फार लांब आणि संथ असल्याचे मत जाहीरपणे व्यक्त केले आणि आपण त्यातून सुमारे अर्धा तास कमी केला असता असे सांगितले. कार्यकारी निर्मात्यानेच असे म्हटल्याने या मताची बरीच चर्चा झाली.

स्त्री-चित्रणावरील टीकेला उत्तर देताना व्हिलनव यांनी आपण या विषयाबाबत संवेदनशील असल्याचे सांगितले. त्यांच्या मते 'ब्लेड रनर' उद्याच्या जगाविषयी नसून आजच्या जगाविषयी आहे आणि आजचे जग स्त्रियांशी दयाळूपणे वागत नाही.

अन्य उत्तरभागांशी तुलना

दीर्घ काळानंतर आलेल्या उत्तरभागांपुढे साधारणपणे दोन मार्ग असतात. जुन्या प्रसंगांची व पात्रांची उजळणी करून प्रेक्षकाला ओळखीचा आनंद देणे हा एक मार्ग, तर जुन्या कथेवर नवे प्रश्न विचारणे हा दुसरा. २०१५ साली प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स : द फोर्स अवेकन्स'ने प्रामुख्याने पहिला मार्ग स्वीकारला. त्यातही हॅरिसन फोर्ड आपल्या जुन्या भूमिकेत परतले होते आणि चित्रपटाने जगभरात दोनशे कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले.

'ब्लेड रनर २०४९' नंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, 'स्टार वॉर्स : द लास्ट जेडाय' प्रदर्शित झाला. समीक्षकांनी त्याचीही प्रशंसा केली आणि त्यातही नायिका कोणत्याही थोर घराण्यातील नसल्याचे सांगितले गेले. त्या चित्रपटाने सुमारे १३० कोटी डॉलर मिळवले, पण चाहत्यांमध्ये उघड फूट पडली आणि वाद अनेक वर्षे चालला. दोन्ही चित्रपटांची तुलना केल्यास मतभेदाचे दोन प्रकार दिसतात. 'द लास्ट जेडाय'ला प्रचंड प्रेक्षक लाभला आणि तो प्रेक्षकच दुभंगला. 'ब्लेड रनर २०४९'च्या बाबतीत दरी प्रामुख्याने चित्रपट पाहणारे आणि त्याकडे न फिरकलेले यांच्यात होती.

पुरस्कार

मार्च २०१८ मध्ये झालेल्या नव्वदाव्या अकादमी पुरस्कार सोहळ्यात चित्रपटाला पाच नामांकने होती. त्यांपैकी सर्वोत्कृष्ट छायालेखन आणि सर्वोत्कृष्ट दृश्यपरिणाम हे दोन पुरस्कार त्याला मिळाले. छायालेखक रॉजर डीकिन्स यांचे हे चौदावे नामांकन होते आणि त्यांना मिळालेला हा पहिलाच अकादमी पुरस्कार ठरला. ब्रिटिश अकादमीच्या बाफ्टा पुरस्कारांतही चित्रपटाला छायालेखन व विशेष दृश्यपरिणाम यांसाठी गौरवण्यात आले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनय या विभागांत मात्र अकादमी पुरस्काराचे नामांकन मिळाले नाही.

पुढील काळातील मूल्यमापन

चित्रपटगृहांतून गेल्यानंतर घरगुती माध्यमांतून 'ब्लेड रनर २०४९'चा प्रेक्षकवर्ग वाढत गेला. विशेषतः ज्या तरुण वर्गाने प्रदर्शनाच्या वेळी त्याकडे पाठ फिरवली होती, त्याच वर्गात 'के' ही व्यक्तिरेखा एकाकीपणाचे प्रतीक म्हणून लोकप्रिय झाली आणि तिच्यावर आधारित असंख्य विनोदी चित्रे समाजमाध्यमांवर पसरली. देह नसलेल्या, पण मनासारखे बोलणाऱ्या जॉयची व्यक्तिरेखा संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसारानंतर नव्याने चर्चेत आली. मालकाला जे ऐकायचे आहे तेच बोलणाऱ्या सोबतीला प्रेम म्हणता येईल का, हा चित्रपटातील प्रश्न २०१७ साली कल्पनेतील होता. पुढे तो प्रत्यक्ष व्यवहारातला झाला.

व्यावसायिक अपयशाचा व्हिलनव यांच्या कारकिर्दीवर प्रतिकूल परिणाम झाला नाही. त्यांनी पुढे 'ड्यून' (२०२१) आणि 'ड्यून : भाग दोन' (२०२४) हे मोठ्या खर्चाचे विज्ञानपट दिग्दर्शित केले. भव्य अवकाश, संथ लय आणि अल्प संवाद ही त्यांची शैली या चित्रपटांतही कायम राहिली आणि त्यांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. 'ब्लेड रनर'च्या विश्वावर आधारित 'ब्लॅक लोटस' ही चलचित्र मालिका २०२१ साली प्रसारित झाली, तर 'ब्लेड रनर २०९९' या मालिकेची घोषणा २०२२ साली झाली.

उत्तरभागाचा प्रवास मूळ चित्रपटाच्या प्रवासाशी जुळतो, असे निरीक्षण अनेकदा नोंदवले जाते. दोन्ही चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी तोट्याचे ठरले, दोन्हींवर संथपणाचा आरोप झाला आणि दोन्हींना प्रेक्षक उशिरा मिळाला. तथापि या साम्याला मर्यादा आहेत. मूळ चित्रपटाबाबत समीक्षकांचेच मत कालांतराने बदलले, तर उत्तरभागाबाबत त्यांचे मत आरंभापासून अनुकूल होते. त्याचबरोबर लांबी आणि स्त्री-चित्रण यांविषयीचे आक्षेप काळाबरोबर विरून गेलेले नाहीत. चित्रपटाचे चाहतेही ते विचारात घेऊनच त्याची चर्चा करतात.